गोधडीचे कान

"आत्याची गं गोधडी, बाळाची पयली भुई,
पाठीखाली तान्ह्याच्या अंथरली जाईजुई…"

आवाज मायचा. माय जाऊन बावीस वर्षं झाली, तरी घरात कोणी जुनं कापड झटकलं की बायनाबाईच्या कानात तो उठायचाच. मायचा गळा गोड होता, पण ओवी पुरती संपायच्या आत ती गाणं सोडून कामाचं बोलायला लागायची. भाचा व्हायचा होता तेव्हाही तसंच झालं होतं. गाता गाता थांबून मायनं जुन्या कापडांचा गठ्ठा बायनाबाईच्या मांडीवर ठेवला होता आणि म्हटलं होतं, "घे. आता तुझ्या हातचं काम."

त्याला तीस वर्षं झाली. आता माघातल्या एका सकाळी भावजय रुखमाबाईनं आंगणात नवऱ्याचं जुनं धोतर झटकलं आणि ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसलेल्या बायनाबाईच्या हातातलं सूप हललं.

"काऊन व बाई, दचकल्या?" रुखमाबाई हसली. "नुसतं धोतर आहे. तुमचा भाऊ नाई त्याच्यात."

भाऊ आंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता. धान चुरून मळणी आटोपली होती, पोती भरून झाली होती, आणि सोमाजी एकेका पोत्याचं तोंड दाभणानं शिवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. बायको आणि बहीण यांच्यामध्ये काही चाललं की मान खाली घालून हाताला काम द्यायचं, ही विद्या त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकून घेतली होती.

घरात त्या दिवशी घाई होती. सून दिव्यानीला सातवा महिना लागला होता. उद्या ओटी भरायची, आणि ओटी झाली की तिचे बाबा माजरीहून गाडी घेऊन तिला बाळंतपणाला न्यायला येणार. तिनं घर सोडायच्या आत बाळाच्या गोधडीला पहिला टाका पडायला हवा, आणि तो आत्याच्याच हातचा हवा, अशी या घरची रीत. नवं कापड बाळ यायच्या आधी घरात आणायचं नाही. जुनं मात्र जोडून ठेवायचं. दिव्यानीच्या नवऱ्याला, विक्कीला, बहीण नाही. म्हणून तीस वर्षांपूर्वी विक्कीच्या वेळी बायनाबाईकडे आलेला मान आता विक्कीच्या लेकराच्या वेळीही फिरून बायनाबाईकडेच आला होता.

आणि गेले आठ दिवस बायनाबाई त्या मानाला हात लावत नव्हती.

*

दिव्यानीनं ते आठही दिवस मोजले होते. पहिल्या दिवशी आत्या म्हणाली, सुई जाडी आहे. दिव्यानीनं बारीक सुई आणली. मग दोरा कच्चा निघाला. दोरा बदलला, तर अमावास्या आडवी आली. अमावास्या गेली आणि आत्याच्या डोळ्यात पाणी यायला लागलं. डोळ्यात पाणी येणारी आत्या लाखोळीतले खडे मात्र दाण्याएवढेसुद्धा सोडत नव्हती, हे दिव्यानीनं पाहिलं होतं आणि मनात ठेवलं होतं.

तिचा स्वतःचा बेत वेगळाच होता. चंद्रपूरच्या एका दुकानात तिनं पाळण्याचा अख्खा बिछाना पाहिला होता: गादी, उशी, चादर, पांघरूण, आणि पाळण्याच्या चारी बाजूंनी बांधायची कापसाची जाड पट्टी, सगळ्यावर निळे हत्ती. किंमत ऐकून विक्कीनं दुकानातल्या दुकानात मोबाईल कानाला लावला आणि कोणाचा फोन नसताना "हो, हो, येऊन राह्यलो" म्हणत बाहेर निघून गेला. पोंभुर्ण्याच्या बस-स्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. फोनचा असा उपयोग त्याला बरोबर ठाऊक होता. घरी येताना दिव्यानी म्हणाली, राहू दे, मी शिवते. दोऱ्याच्या रिळाच्या पैशात होईल.

तिनं मोबाईलवर पाहून कागदावर मापं काढली. टेलर नूर मोहम्मदच्या दुकानातून कतरन आणली. नूरभाऊंनी पिशवी भरून दिली आणि वर एक अक्कलही दिली: बाळाखाली टेरिकॉट नको, घाम जिरत नाही. आणि कापड सुती आहे का ते डोळ्यानं ओळखू नको, एक धागा काढून जाळून पाहा. सुती असेल तर कागदासारखी राख होईल. नसेल तर वितळून मणी होईल.

त्या मण्यानं घरात चार दिवस धमाल केली. दिव्यानी ज्याच्या-त्याच्या कपड्याचा धागा काढून चुलीपाशी बसायची. सोमाजीच्या धोतराची राख झाली, पांढरी, निर्मळ. रुखमाबाईच्या हिरव्या पातळाची झाली. विक्कीच्या शाळेच्या शर्टाचा काळा मणी झाला, आणि रुखमाबाई म्हणाली की शर्टच कसा, त्याच्या आतलं पोरगंही तसंच होतं, अभ्यास कधी जिरलाच नाही. मग बायनाबाईनं पेटीतून आपलं अंजिरी लुगडं काढलं. चाळीस वर्षांचं, अस्सल सुती, नागभिडच्या बाजारचं. धागा जळला, आखडला, आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढा चकचकीत मणी लटकला.

रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला.

"बाजारवाल्यानं फसवलं मले," बायनाबाई शांतपणे म्हणाली.

"चाळीस वर्सं सुती म्हणून नेसल्या तुमी," रुखमाबाई पदराआडून म्हणाली. "आता ते सुतीच झालं म्हना."

बायनाबाईनं लुगड्याची घडी केली आणि पेटीत ठेवली. ठेवताना तिचा हात लुगड्यावर जरा जास्तच वेळ राहिला. ते दिव्यानीनं पाहिलं, आणि तेही मनात ठेवलं.

*

रुखमाबाई या लढाईत कोणाच्या बाजूनं होती, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

सुनेची पाळण्याभोवतीची जाड पट्टी तिला मुळीच पटली नव्हती. "पोरगं यायच्या आधीच त्याले कुंपन," ती म्हणाली होती. "पाळन्यात काय रानडुकरं शिरतात?" त्या दिवशी ती पूर्ण बायनाबाईच्या बाजूनं होती, दोघींनी मिळून अर्धा तास कुंपणाची थट्टा केली, आणि शेवटी दिव्यानीनं पट्टी रद्द करून त्याच कापडात मोहरीची उशी धरली. मोहरीच्या उशीनं बाळाचं डोकं गोल होतं. ती मात्र रुखमाबाईला एकदम पसंत पडली, आणि तिनं डब्यातली मोहरी स्वतः चाळून दिली. संध्याकाळी ती सुनेच्या बाजूनं होती.

पण गोधडीचा विषय निघाला की तिच्या मनात एक जुनं कुसळ हलायचं. विक्कीच्या वेळी ती माहेरी होती. लेकरासाठी आपल्या हातानं काही शिवावं असं तिला फार वाटलं होतं. सासूनं निरोप धाडला, आईनं शिवू नये, आत्याचा मान आहे. बारशाला बायनाबाईनं गोधडी आणली. सारं गाव पाहत राहिलं. टाके असे सरळ, जशा बांधीतल्या धानाच्या ओळी. आणि चारी कोपऱ्यांना चार कान, बोटभर, घट्ट, ओढून सुटणार नाहीत असे. विक्कीनं दात येईपर्यंत ते कान चोखले.

त्यानंतर बायनाबाईनं दुसरी गोधडी केली नाही. गावातल्या बाया मागायला यायच्या, तर ती म्हणायची, एकच केली, भाच्यासाठी. त्या नकारानंच गोधडीची कीर्ती वाढली. तीस वर्षं रुखमाबाई ऐकत आली होती: पोरगं आत्याच्या गोधडीत वाढलं. विक्की दहावी पास झाला, तरी गोधडीचा गुण. ताप उतरला, गोधडीचा गुण. नापास झाला, तेव्हा मात्र आईकडचं रक्त.

तिनं धोतर दोरीवर टाकलं. दिव्यानी विक्कीची जुनी गोधडी पोटाशी धरून घरातून बाहेर आली आणि दोघींच्या मध्ये ओसरीच्या पायरीवर बसली. तिचा चेहरा पाहूनच रुखमाबाईला कळलं की काहीतरी झालं आहे.

"आई, रागावू नका जी," दिव्यानी म्हणाली. "मी हिचा एक कोपरा उसवला."

पोत्यातून ओढल्या जाणाऱ्या सुतळीचा आवाज थांबला.

तिनं सगळं सांगितलं. आत्या शिकवते शिकवते म्हणून आठ दिवस गेले. उद्या ती जाणार. मग तिला वाटलं, कान कसा केलाय हे आतून पाहावं, म्हणजे माजरीला बसून करता येईल. विक्कीला विचारलं, तर तो मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, उसव ना, काय होते. काल दुपारी तिनं एक कान उसवला. आत सात पदर निघाले, आज्याचं धोतर, आजीचं लुगडं, सगळं लोण्यासारखं. पण कानाचा दोरा सुटला तो परत बसेना. तिनं दहा वेळा करून पाहिलं.

रुखमाबाईला आधी सुनेवर ओरडावंसं वाटलं. तीस वर्षं त्या गोधडीवर राग धरला होता, पण तिचा सुटलेला कान ती बोटांनी परत जुळवून पाहायला लागली. तिनं बायनाबाईकडे पाहिलं. आता या रडतील, किंवा बोलतील, किंवा आठवडाभर जेवणार नाहीत.

बायनाबाई म्हणाली, "राहू दे, वैनी. पोर आहे. काही बोलू नोका तिले."

इतकी मऊ बायनाबाई रुखमाबाईनं कधी पाहिली नव्हती. म्हणून तिला जास्तच चमत्कारिक वाटलं.

"आत्या," दिव्यानी म्हणाली, "तुमी फक्त एवढा कान पुन्हा करून द्या. मी पाहून घेते. बाकीची गोधडी मी शिवीन, पयला टाका तुमचाच. डोळ्याचं टेन्शन नका घेऊ, दोरा मी ओवून देते."

तिनं दोरा ओवला, गाठ मारली आणि सुई बायनाबाईच्या बोटांत दिली.

*

सोमाजीला ते सारं पाठीनं ऐकू येत होतं.

त्याला ते उन्हाळ्याचे दिवस आठवले. बायना वैनगंगेपल्याडच्या सासरहून परत आली होती. तिचं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं होतं आणि तिकडे तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं. इकडे रुखमी माहेरी, दिवस भरलेली. ती निघताना पहिला टाका राहून गेला होता, आणि मायला रीत ठाऊक होती. तिनं लेकीच्या मांडीवर कापडं ठेवली. बहुतेक मायला वाटलं असेल, हाताला काम मिळालं की पोरीचं मन वळेल. बायना ती कापडं मांडीवर घेऊन बसायची. सकाळी बसायची ती दुपारपर्यंत. एकही टाका पडत नव्हता.

पंधरा दिवसांनी सोमाजीनं काही न विचारता ती कापडं उचलली. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. गावाबाहेरच्या फळीवर, जिथं पानांचे पुडे वाळत घालतात, तो राखणीला होता. मोहाच्या सावलीत दिवसभर बसायचं, पानं उलटायची, पोती शिवायची. पोत्याला दाभण, गोधडीला सुई, हात तोच. कोणी आलं की गोधडी रिकाम्या पोत्याखाली जायची. पुरुषमाणूस गोधडी शिवतो म्हटलं असतं तर फळीवरच्या बायांना त्याची थट्टा पावसाळ्यापर्यंत पुरली असती. कोपऱ्याशी आल्यावर पुढं काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पोत्याच्या कोपऱ्याला करतात तेच केलं.

बारशाच्या आदल्या दिवशी त्यानं ती बहिणीच्या पेटीवर ठेवली. "घे. तुझी आहे," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्या गोष्टीवर दोघं एक शब्द बोलले नव्हते. घरात बायनाला जागा आहेच, हे तो तिला तोंडानं कधी सांगू शकला नव्हता. गोधडीनं सांगून टाकलं असं त्यानं धरलं.

पोत्याचं तोंड शिवून झालं होतं. कोपरा आला. सोमाजीच्या हातानं त्याला न विचारताच कोपऱ्याचं तागाचं कापड चिमटीत धरलं, सुतळीचे दोन वेढे दिले, आतून घेऊन मागं ओढले. पोत्याला कान झाला. बोटभर, घट्ट, ओढून सुटणार नाही असा.

मग त्याच्या लक्षात आलं की ओसरीवर कोणीच बोलत नाही.

*

दिव्यानी पोत्याकडे पाहत होती. मग मांडीवरच्या गोधडीचा न उसवलेला कान तिनं बोटात धरला. मग पुन्हा पोत्याकडे. चौदा पोती ओळीनं उभी होती, आणि सगळ्यांचे कान टवकारलेले होते.

ती हुशार पोरगी होती. तिनं पटकन मान खाली घातली. "आत्या, राहू द्या जी," ती म्हणाली. "डोळ्याला त्रास होईल. कान नसले तरी चालते. हत्तीवाल्या गोधडीले कुठी होते कान."

पण रुखमाबाईनं सुनेच्या नजरेमागोमाग आपली नजर नेली होती. ती बत्तीस वर्षं या आंगणात होती. किती पोत्यांचे कान धरून तिनं स्वतः ओढले होते, आणि किती वेळा ती गोधडी धुऊन त्याच आंगणात वाळत घातली होती. दोन्ही एका दोरीच्या अंतरावर. कधी मनात आलं नाही. येणार कसं? गोधडी बायकांची आणि पोतं पुरुषांचं.

तिला हसू यायला लागलं. रागही आला, आणि त्याच्या मागून आणखी काहीतरी आलं, पण हसू आधी पोचलं.

"विक्कीचे बाबा," तिनं विचारलं, अगदी सहज, जसं भाजी काय करू विचारावं. "पोत्याले कान कराले तुमी कोनापासून शिकले जी?"

सोमाजीनं दाभण पोत्यात खुपसलं. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. बैलाकडे पाहिलं, बैल काही मदत करायच्या बेतात नव्हता.

"बायनापासून," तो म्हणाला.

"अस्सं."

"हो. तिनं गोधडीले केले, ते पाहून मी पोत्याले कराले लागलो."

"म्हंजे आपल्या लग्नाच्या वक्ताले, माह्या बापाच्या घरी धान न्याले आलते तवा, तुमच्या पोत्याले कान नव्हते?"

सोमाजी विचारात पडला. लग्न गोधडीच्या दोन वर्षं आधीचं. "नसतील," तो म्हणाला. "ध्यानात नाई मले."

दिव्यानीनं गोधडीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. रुखमाबाईनं पुन्हा पदर तोंडाला लावला, पण आता त्यानं भागणार नव्हतं. ती हसायला लागली, पोट धरून, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. सोमाजी चौदा पोत्यांपुढे कानाच्या पाळ्या लाल करून बसला होता, आणि तरी त्याचं तोंड मिटलेलं होतं. तो आणखी तीस वर्षं असंच सांगत राहिला असता.

बायनाबाई हसली नाही. सुई अजून तिच्या बोटांत होती. ती भावाकडे पाहत होती. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस, म्हणून त्याला ते इतकं वाईट जमत होतं. सारं आंगण त्याच्यावर हसत होतं, आणि तो हसू देत होता.

मायची ओवी पुन्हा कानात आली. पण या वेळी ती कापडाच्या गठ्ठ्यापाशी थांबली नाही. बायनाबाईला ती पुढं म्हणता आली असती.

"वैनी," ती म्हणाली.

रुखमाबाई डोळे पुसत वळली.

"त्या गोधडीत माहा एकबी टाका नाई. दादानं शिवली. फळीवर, मोहाखाली बसून. माह्या मांडीवर कापडं होती, पन हात उठलाच नाई तवा. तुमचं येनारं लेकरू, आन माहं गेलेलं." आंगणात कोंबड्या सांडलेलं धान टिपत होत्या. "मंग सारे वा वा कराले लागले. म्या करू देल्लं. मले वाटे, हे सांगतलं तं या घरात माहं म्हनाव असं काय उरते."

रुखमाबाई पायरीवर तिच्या शेजारी बसली. तिनं बायनाबाईच्या मांडीवरचं डाळीचं सूप उचलून बाजूला ठेवलं.

बायनाबाईनं तिचा हात धरला, उघडला, आणि ओवलेली सुई तिच्या तळव्यावर ठेवली.

"तीस वर्सं तुमचा टाका मी दाबून ठेवला, वैनी. हा पयला तुमी घाला. दुसरा मी घालीन. कान कसा करतात, ते आपन दोघीबी दादाले इचारू."